गूगल अर्थ प्रो: कोल्हापूरच्या डोंगरवाटा आखायला कितपत कामाचं?

सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरणारी धार, कुठे उतरते, पठाराचा काठ कुठे एकदम तुटतो आणि कुठे गवताळ उताराने खाली जातो, नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ, कोणत्या वाडीच्या मागे उघडते, हे घरबसल्या बघायला गूगल अर्थ प्रोइतकं चांगलं फुकटचं साधन दुसरं नाही. त्या नाळेतून माणूस जाऊ शकतो का, हे मात्र त्यातून कळत नाही. पन्हाळा–पावनखिंड–विशाळगड, मसाई पठार, रांगणा, दाजीपूरचा शिवगड, गगनबावड्याच्या आसपासच्या घाटवाटा अशा कोल्हापूरकरांच्या नेहमीच्या मुलखात हे सॉफ्टवेअर कुठे उपयोगी पडतं आणि कुठे गोत्यात आणतं, ते या परीक्षणात आहे. परीक्षण संगणकावरच्या प्रो आवृत्तीचं आहे. मोबाइलवरचं गूगल अर्थ बघायला ठीक, आखणीला अपुरं.

प्रो आवृत्ती २०१५ च्या जानेवारीपासून फुकट आहे. त्याआधी तिला वर्षाला ३९९ डॉलर पडायचे. साध्या लॅपटॉपवर चालते, पण चित्रं इंटरनेटवरून येतात, त्यामुळे बरं नेट हवं.

उघडल्यावर पहिली पाच मिनिटं सेटिंगला द्या, कारण निम्मी फसगत इथेच होते. टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात थ्रीडी व्ह्यू. तिथे ‘एलिव्हेशन एक्झॅजरेशन’ नावाचा आकडा असतो, तो १ च ठेवा. कुणी तो २ किंवा ३ केलेला असेल तर जोतिबाचा डोंगरही हिमालयासारखा दिसतो आणि नजरेचा अंदाज पार बिघडतो. एकक मीटर-किलोमीटर करा. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत घ्या, म्हणजे फोनवर टाकताना घोळ होत नाही. यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत, वापरणाऱ्यांसाठी आपला पट्टा ४३क्यू. नॅव्हिगेशनच्या पानावर, झूम करताना दृश्य आपोआप कलू नये असा पर्याय आहे, तो निवडा. कललेल्या दृश्यात रेघ काढली तर बिंदू डोंगराच्या अलीकडे टाकायचा तो पलीकडच्या उतारावर पडतो. रेघ काढताना नेहमी सरळ वरून बघायचं. कळफलकावर ‘आर’ दाबलं की उत्तर वर येते आणि नजर सरळ खाली होते. तिरपं बघायचं ते रेघ काढून झाल्यावर, तपासण्यासाठी.

आता या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात मोलाची गोष्ट: घड्याळाच्या चिन्हामागची जुनी चित्रं. उघडल्या उघडल्या जे चित्र समोर येतं ते बहुतेकदा वाट शोधायला सगळ्यात वाईट असतं. पावसाळ्यानंतरच्या चित्रांत सगळा डोंगर हिरवा, गवत कमरेएवढं, वाट दिसणार कशी? वर्षांची पट्टी मागेपुढे सरकवून फेब्रुवारी ते मे मधलं चित्र शोधा. गवत वाळलेलं असतं तेव्हा मळलेली वाट फिकट दोऱ्यासारखी उठून दिसते. वणवा लागून गेलेल्या उताराचं चित्र सापडलं तर त्याहून उत्तम, काळ्या जमिनीवर पांढुरकी रेघ. मसाई पठारासारख्या जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाटीवर, मात्र उन्हाळ्यातही वाट नीट दिसत नाही. कातळावर पाऊल उमटत नाही आणि जी दिसते ती बऱ्याचदा ढोरवाट असते. ढोरवाट ओळखायची खूण अशी: ती पाण्याकडे किंवा गोठ्याकडे जाते, एकीच्या चार होतात आणि काठाशी जाऊन विरतात. माणसांची वाट दोन वस्त्यांना किंवा वस्ती आणि खिंडीला जोडते, आणि वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांत तिथेच सापडते. तीन वेगळ्या वर्षांत तीच रेघ दिसली तर ती वाट धरायला हरकत नाही. एकाच चित्रात दिसली तर तिच्यावर प्रश्नचिन्ह टाकून ठेवा.

एक गोष्ट सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी पक्की ध्यानात ठेवावी. पृथ्वीची चित्रं घेणारे बरेचसे उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या आसपास डोक्यावरून जातात. तेव्हा ऊन पूर्वेकडून येत असतं आणि आपले कोकणात उतरणारे कडे नेमके पश्चिमेला तोंड करून उभे आहेत. म्हणजे ज्या बाजूची घाटवाट शोधायची तीच बाजू चित्रात सावलीत. डिसेंबरात त्या वेळी सूर्य आपल्याकडे जेमतेम ४५ अंश वर असतो, त्यामुळे कड्याची सावली खालच्या जंगलावर लांबवर पडते आणि नाळ काळ्या डागात बुडते. मेच्या मध्यावर सूर्य ६५ अंशांच्या पुढे चढलेला असतो, सावली आखूड होते आणि नाळेच्या तोंडाशी पडलेले धोंडेसुद्धा मोजता येतात. शिवगडाच्या किंवा गगनबावड्याच्या पश्चिम अंगाचं काही बघायचं तर एप्रिल-मेचंच चित्र हुडकावं. हिवाळ्यातल्या चित्रावर वेळ घालवू नये.

डोंगराचा आकार जो दिसतो तो चित्रातून आलेला नसतो. खाली उंचीच्या आकड्यांची जाळी असते आणि तिच्यावर चित्र चादरीसारखं पांघरलेलं असतं. अशा माहितीचा मोठा स्रोत म्हणजे फेब्रुवारी २००० मधली नासाच्या एंडेव्हर यानाची ११ दिवसांची रडार मोहीम. तिची जाळी सुमारे ३० मीटरची. आपल्या डोंगरांत पडद्यावर मिळणारा बारकावा साधारण याच तोडीचा धरून चालावं. ३० मीटरच्या दोन बिंदूंमध्ये ४० मीटरचा सरळसोट कडा आला तर तो पडद्यावर ५३ अंशांचा उतार होतो. सपाटीत १० मीटरचा कातळटप्पा आला तर १८ अंशांचा. आणि तोच टप्पा आधीच ३५ अंशांच्या उतारात असेल तर दिसतच नाही, उतार थोडा उभा झाल्यासारखा वाटतो एवढंच. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला डोंगर. मऊ थर झिजून गवताळ पायरी होते, कठीण थर कातळभिंत म्हणून उभा राहतो. आपल्याला अडवतात त्या ह्याच १०-१५ मीटरच्या भिंती, आणि नेमक्या त्याच जाळीतून निसटतात. उलट चित्रात त्या दिसतात: डोंगराला आडवी, समांतर, काळसर पट्टी. ती पट्टी जिथे तुटते आणि गवत किंवा झाडी वरून खाली सलग येते, तिथे चढण्याची शक्यता. म्हणून उंचीच्या आकड्यांपेक्षा चित्र वाचायला शिका.

झाडीचा प्रश्न वेगळा. रडारचा परतावा बऱ्याच अंशी झाडांच्या माथ्यावरून येतो, त्यामुळे दाट रान किंवा देवराई काही मीटर उंच दिसते आणि रानाच्या कडेला नसलेली पायरी तयार होते. रांगण्याचंच बघा. कोल्हापूर बाजूने पाटगाव, भटवाडी, चिक्केवाडी असं जाताना वाट बऱ्याच ठिकाणी झाडीखालून जाते आणि तिथे उपग्रहाला फक्त पानं दिसतात. तेवढ्या तुकड्यावर रेघ मारणं म्हणजे अंदाज. तो अंदाज आहे हे पुढच्यालाही कळावं म्हणून रंग ठरवून घ्या: चित्रात दिसलेली वाट पिवळी, अंदाजाची लाल, गाडीरस्ता पांढरा. गटातल्या दुसऱ्या माणसाने फाइल उघडली की लाल तुकडा आला, इथे सावध, हे त्याला न सांगता समजतं.

रेघ काढायची ती ‘अ‍ॅड पाथ’ने. खिडकी उघडी ठेवूनच नकाशावर क्लिक करत जायचं. माउस दाबून ओढू नका, ओढलं की शेकडो बिंदू पडतात आणि रेघ थरथरते. उघड्या माळावर १०० मीटरला एक बिंदू पुरतो, वळणांच्या चढावर ३० मीटरला एक हवा. पन्हाळा ते विशाळगड सरळ रेषेत ४० किलोमीटरच्या आसपास आहे. चालणं कोणती वाट धरता त्यावर ५० ते ६० च्या घरात जातं. अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरवर बिंदू टाकून आखलेली रेघ हमखास कमी भरते, आणि मग रिंगेवाडी-मालेवाडीच्या पुढे लोक म्हणतात, अंतर संपत का नाही.

रेघेवर उजवं क्लिक करून ‘शो एलिव्हेशन प्रोफाइल’ घेतलं की खाली चढ-उताराचा आलेख येतो. हे सगळ्यांना आवडतं आणि इथेच सगळे फसतात. आडव्या मारायच्या वाटेवर, म्हणजे ट्रॅव्हर्सला, उतार ४५ अंशांचा असेल आणि तुमची रेघ खऱ्या वाटेपासून १५ मीटर बाजूला गेली असेल, तर उंची १५ मीटरने चुकते. रेघ कधी वर, कधी खाली अशी चुकत गेली की आलेखावर करवतीचे दात येतात आणि एकूण चढ उगाच फुगतो. दात दिसले तर समजावं, वाट तशी नाही, रेघ तशी आहे. ठळक चढ तेवढे मोजावेत: पायथ्याची उंची, खिंडीची उंची, माथ्याची उंची, आणि त्यांच्यातले फरक. हे आकडे पुरेसे भरवशाचे असतात. ‘मॅक्स स्लोप’चा आकडा तर बघूच नये, तो एखाद्या चुकल्या बिंदूवर उड्या मारतो.

वेळेचा हिशेब सॉफ्टवेअर करत नाही, आपल्याला करावा लागतो. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ चा जुना ठोकताळा म्हणतो: तासाला ५ किलोमीटर, अधिक दर ६०० मीटर चढाला एक तास. थंडीतल्या मोकळ्या वाटेवर दोघे-तिघे असतील तर जवळपास जमतं. जुलैतल्या चिखलात, पाठीवर सॅक आणि ३० जणांची रांग असेल तर सपाटीचा वेग ३ किलोमीटर धरा, आणि दर ओढ्याला पलीकडे सगळे जाईपर्यंतचा वेळ वेगळा मांडा.

ओढ्यांवरून आठवलं. पावनखिंडीच्या वाटेवरचे ओढे उन्हाळ्यातल्या चित्रात कोरड्या रेघा दिसतात, आणि ज्या दिवसांत ही वाट सर्वाधिक चालली जाते ते दिवस आषाढाचे. प्रोमध्ये मोजपट्टीच्या खिडकीत ‘पॉलिगॉन’ आहे, त्याचा इथे फार छान उपयोग होतो. जिथे ओढा ओलांडायचा त्याच्या वरचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या ज्या उताराचं पाणी त्या जागी येतं तो भाग, धारेधारेने आखा आणि क्षेत्रफळ बघा. एक चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाच कोटी लिटर पाणी होतं. सगळं एकदम येत नाही, काही मुरतं, पण जांभ्या सड्यावरून आणि भिजलेल्या मातीवरून फार मुरत नाही. पाणलोट पाव चौरस किलोमीटर असेल तर पाऊस थांबल्यावर थोडं थांबून ओढा उतरतो. तीन-चार चौरस किलोमीटर असेल तर तिथे पूल किंवा गाडीरस्त्याचा पर्याय आधीच आखून ठेवा, आणि मागे फिरायची जागासुद्धा. ही एक सोय सोडली तरी प्रो उतरवून घेण्यासारखं आहे असं ठाम मत आहे.

पिण्याच्या पाण्यासाठीही जुनी चित्रं. मसाईवरची तळी ऑक्टोबरात भरलेली दिसतात. तुम्हाला जायचं आहे त्याच महिन्याचं, निदान दोन वर्षांचं चित्र बघून तळं भरलंय की तडकलंय ते ठरवा. गडांवरची खांबटाकी कातळाच्या आत असतात, ती वरून दिसत नाहीत. त्यांची माहिती विचारूनच घ्यावी लागते. नेमका या आठवड्यातला अंदाज हवा असेल तर युरोपीय सेंटिनेल-२ ची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात, दर काही दिवसांनी नवीन. पण तिथे एक ठिपका १० मीटरचा, त्यामुळे धरण किंवा मोठं तळं कळतं, टाकं नाही. आणि जून ते सप्टेंबर नुसते ढग.

प्रस्तरारोहण करणाऱ्यांसाठी स्पष्ट सांगायचं तर हे साधन कड्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचण्याचं आणि माथ्यावरून परत उतरण्याच्या वाटेचं आहे. कड्याचं नाही. उंचीच्या जाळीत एका जागेला एकच उंची असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा आत वळलेला कडा तिच्यात मांडताच येत नाही, तिथे चित्र ताणून रंग ओघळल्यासारखं दिसतं. ज्याचा पाया २०-३० मीटरचा तो सुळका तर जाळीत अख्खा हरवतो, त्या जागी फुगवटा दिसतो. सुळक्याची उंची सावलीच्या लांबीवरून काढता येते, पण सावली सपाटीवर पडली असेल तरच. दोराची लांबी, रॅपेलचे (दोरावरून उतरण्याचे) टप्पे, अँकरची (दोर बांधायची) जागा यांतलं काहीही पडद्यावरून ठरवू नये. त्यासाठी दुर्बीण आणि समोरच्या सोंडेवरून काढलेले फोटो. ती समोरची सोंड कोणती आणि तिच्यावर दुपारनंतर ऊन कसं येतं, हे मात्र प्रोमध्ये सूर्याच्या चिन्हावर क्लिक करून आधी बघता येतं.

एकट्या प्रोवर भागत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशांची पीडीएफ त्यांच्या संकेतस्थळावर मिळते, ती शेजारी उघडी असावी. डोंगराळ भागात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या, आणि मुख्य म्हणजे वाड्यांची नावं, पायवाटांच्या तुटक रेघा आणि कड्यांच्या खुणा, ज्या माणसांनी जागेवर जाऊन टिपलेल्या आहेत. गूगलवर वाडीचं नाव कधी कधी भलत्याच छपरांवर बसलेलं असतं. जुने कागदी नकाशे मात्र पडद्यावर थेट चिकटवू नका. त्यांचा आधार वेगळा असल्याने ते सरकतात. इस्रोचं भुवन २००९ पासून आहे. तिथली उंचीची माहिती, कार्टोडेम, फुकट उतरवता येते, पण वाटा बघायला चित्र गूगलइतकं बारीक नाही आणि संकेतस्थळ संथ चालतं. उताराचा रंगीत नकाशा हवा असेल तर ती सोय प्रोमध्ये नाही, त्यासाठी क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर. तिथे नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे उंचीची फाइल अंशांत असतानाच ‘स्लोप’ चालवणं. मग सगळा जिल्हा ९० अंशांचा कडा दिसतो. आधी फाइल यूटीएम ४३ उत्तर मध्ये बदलून घ्या, म्हणजे आडवं-उभं दोन्ही मीटरमध्ये येतं. आणि ३० मीटरच्या जाळीतून ५ मीटरच्या समोच्च रेषा काढू नका. दिसतात सुंदर, पण त्या बनावट असतात.

तयार साधनांपैकी फॅटमॅप हे उताराचं उत्तम चित्र दाखवायचं, पण ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. लोकांनी त्यात साठवलेल्या वाटांचं काय झालं हा धडा घेऊन आपली फाइल आपल्याजवळ ठेवावी. प्रोमध्येही ‘माय प्लेसेस’ आपोआप जपलं जातं ते बहुधा बंद करताना. मध्येच वीज गेली तर संध्याकाळभराचं काम जातं. दर अर्ध्या तासाने फोल्डरवर उजवं क्लिक, ‘सेव्ह प्लेस अ‍ॅज’, आणि केएमएल या फाइल प्रकारात. केएमझेड, म्हणजे तिचंच दाबून लहान केलेलं रूप, तेही चालतं, पण केएमएल हा साधा मजकूर असल्याने बिघडला तरी दुरुस्त करता येतो.

ही फाइल फोनवर न्यायला ऑसमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स घ्या. दोन्ही केएमएल थेट उघडतात. ऑर्गॅनिक मॅप्स सोपं आणि पूर्ण फुकट. ऑसमअँडमध्ये बारकावे जास्त, पण फुकट आवृत्तीत उतरवायच्या नकाशांच्या संख्येवर मर्यादा आहे. महाराष्ट्राचा नकाशा घरीच उतरवून, फोन विमान मोडमध्ये टाकून, सगळं उघडतंय का ते कोल्हापूर सोडण्याआधी तपासा. विमान मोडमध्ये जीपीएस चालतं. पहिली जागा पकडायला थोडा वेळ लागतो एवढंच. वाट नोंदवताना सगळ्यात जास्त वेळा नडते ती फोनची बॅटरी बचत: पडदा बंद झाला की अ‍ॅप झोपवलं जातं आणि तीन तासांची नोंद एका सरळ रेघेत येते. त्या अ‍ॅपपुरती बॅटरी बचत काढून टाका. नाळेत आणि दाट झाडीत अर्धं आकाश झाकलेलं असतं, जागा २०-३० मीटर उडते. अशा वेळी निळा ठिपका रेघेवर आणण्यासाठी उतार उतरू नका. पावसात ओला पडदा बोट ओळखत नाही, त्यामुळे फोन पाउचमध्ये असला तरी कागद हवाच. ‘सेव्ह इमेज’मधून मोठ्यात मोठं चित्र काढून ए-३ वर छापा, लॅमिनेट करा, एक गटात, एक घरी.

राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत आखलेली रेघ म्हणजे परवानगी नव्हे. कुठल्या वाटेने सोडतात, कधी बंद असतं ते वन विभागाकडे विचारूनच नक्की करा, आणि गव्यांचा वावर असलेल्या रानात अंदाजाचा लाल तुकडा शक्यतो ठेवूच नका.

लाल तुकडे पक्के होतात ते गावात. छापलेला कागद घेऊन वाडीत विचारताना ‘मामा, ही वाट विशाळगडाला जाती न्हवं?’ असं विचारलं की उत्तर ‘जाती की’ असंच येतं, कारण अखेर सगळ्याच वाटा जातात. त्याऐवजी पुढच्या वाडीचं नाव घेऊन ‘तिकडं गुरं घेऊन कुठनं जाता? पावसात पण तिथनंच?’ असं विचारा. गुरं जिथून जातात तिथे पाठीवर सॅक घेऊन माणूस जातो, आणि पावसात वाट बदलते तो वळसा कोणत्याच उपग्रहाच्या चित्रात नसतो. तो तिथेच कागदावर पेनने काढा, आणि घरी आल्यावर लाल रेघ पुसून त्या जागी पिवळी टाका.